पठारावरील पवनचक्क्या

सातारा शहरातून सज्जनगडाच्या वाटेने पुढे निघाले, की रस्ता वळणे घेत डोंगर चढू लागतो. ठोसेघरचा धबधबा मागे पडतो आणि पुढे चाळकेवाडीचे विस्तीर्ण पठार पसरलेले दिसते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचा हा प्रदेश. येथे झाडांची दाटी नाही. जांभ्या खडकाचा उघडा सडा, त्याच्या खाचांतून उगवलेले गवत आणि वर मोकळे आकाश, एवढेच या भूमीचे वैभव. भाद्रपदात याच खडकावर इवल्या इवल्या रानफुलांचा गालिचा अंथरला जातो. परंतु या पठाराचा खरा धनी एकच, आणि तो म्हणजे वारा. आषाढात तो असा सुटतो, की माणसाला पाय रोवून उभे राहणे कठीण होते आणि गुरे आडोसा शोधू लागतात.

आपल्या शेतकऱ्याला वाऱ्याचा उपयोग फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खळ्यावर उंच उभा राहून तो मळलेले धान्य सुपातून हळूहळू खाली सोडतो, तेव्हा भूस उडवून नेण्याचे काम वाराच करतो. कोकणच्या किनाऱ्यावरील नावाडी शिडात वारा भरून घेतो आणि होडी बंदराला लावतो. पण डोंगरमाथ्यावरील हा बेफाम वारा कोणाच्या कामाचा नव्हता. तो घरांची छपरे उडवी आणि पिके आडवी करी. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र पालटले. चाळकेवाडीच्या आणि तिच्या दक्षिणेस पाटण तालुक्यात असलेल्या वनकुसवड्याच्या पठारावर उंच, पांढरे मनोरे उभे राहू लागले. प्रत्येक मनोऱ्याच्या माथ्यावर तीन लांब पाती बसविलेली होती. काही वर्षांतच अशा शेकडो पवनचक्क्यांनी हे डोंगरमाथे भरून गेले.

‘पवनचक्की’ हे नाव जुन्या काळचे आहे. वाऱ्याच्या बळावर जाते फिरवून धान्य दळणारी ती पवनचक्की. इराणच्या पूर्व भागात, सीस्तान नावाच्या वाळवंटी प्रदेशात, हजार वर्षांहूनही अधिक काळापूर्वी अशा चक्क्या चालत असत. पुढे युरोपात त्यांचा प्रसार झाला. हॉलंड देशाची पुष्कळशी जमीन समुद्रसपाटीहून खाली आहे. तेथील लोकांनी शेकडो वर्षे पवनचक्क्यांनी पाणी उपसून आपली शेते कोरडी ठेवली. आजच्या पवनचक्क्या धान्य दळीत नाहीत आणि पाणीही उपसत नाहीत. त्या वीज निर्माण करतात. काम बदलले, परंतु नाव तेच राहिले.

वाऱ्यापासून वीज मिळविण्याच्या इतिहासात एका शिक्षकाचे नाव आदराने घेतले जाते. डेन्मार्क देशात आस्कोव्ह नावाचे एक खेडे आहे. तेथील लोकशाळेत पॉल ला कूर हे गृहस्थ शिकवीत असत. शहरांत विजेचे दिवे आले आणि खेडी मात्र अंधारात राहिली, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १८९१ मध्ये त्यांनी शाळेजवळ एक पवनचक्की उभारली आणि तिच्यापासून वीज निर्माण केली. वारा पडला म्हणजे वीजही थांबणार, ही अडचण होतीच. तिच्यावर त्यांनी एक युक्ती शोधली. विजेच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण करून त्यातील हायड्रोजन वायू त्यांनी साठवला आणि त्या वायूवर काही वर्षे शाळेतील दिवे जळत ठेवले. त्यांनी खेड्यापाड्यांतील तरुणांना हे तंत्र शिकविले. त्यांच्याच एका विद्यार्थ्याने, योहानेस यूल यांनी, १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची मोठी पवनचक्की उभारली. आज जगभर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्क्या तिच्याच वंशातील होत.

भारतात वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे पहिले मोठे प्रयोग १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडू या राज्यांच्या किनारी भागांत झाले. त्या वेळच्या एका पवनचक्कीची क्षमता अवघी ५५ किलोवॅट होती. आज एकेक पवनचक्की २,००० ते ३,००० किलोवॅट किंवा त्याहूनही अधिक क्षमतेची असते. मार्च २०२५ च्या अखेरीस देशातील सर्व पवनचक्क्यांची मिळून क्षमता ५०,००० मेगावॅटवर गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा ५,००० मेगावॅटांहून अधिक आहे.

आता या यंत्राची रचना समजून घेऊ. पवनचक्कीचे पाते चपट्या फळीसारखे नसते. विमानाच्या पंखाप्रमाणे त्याला विशिष्ट बाक दिलेला असतो. त्यावरून वारा वाहू लागला, म्हणजे पात्याच्या दोन बाजूंवरील हवेच्या दाबात फरक पडतो आणि पाते पुढे ओढले जाते. पाती फिरू लागली, की त्यांना जोडलेला आस फिरतो. पात्यांची गती मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्यांचीच असते. वीज निर्माण करणाऱ्या जनित्राला त्याहून पुष्कळ अधिक वेग लागतो. म्हणून अनेक पवनचक्क्यांत मध्ये दातेरी चाकांची पेटी बसविलेली असते. तिच्या योगाने वेग शेकडो पटींनी नव्हे, तरी शंभरीच्या आसपास पटींनी वाढतो आणि जनित्र गरगरा फिरू लागते. वारा ज्या दिशेने येईल, त्या दिशेकडे यंत्राचे तोंड आपोआप वळते. वारा फार मंद असला तर चक्की फिरत नाही. वादळ सुटले तर मोडतोड होऊ नये म्हणून ती स्वतःच थांबते.

पवनचक्क्या डोंगरमाथ्यावरच का उभारतात, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका साध्या नियमात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातून मिळू शकणारी शक्ती दुप्पट होत नाही. ती आठपट होते. वेग तिप्पट झाला, तर शक्ती सत्तावीसपट होते. म्हणूनच वेगात थोडा फरक पडला, तरी उत्पन्नात मोठा फरक पडतो. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात आणि माथ्यावरून जाताना अधिक वेगवान होतात. साताऱ्याची ही पठारे त्यांच्या वाटेवरच आहेत. अर्थात वारा बाराही महिने सारखा नसतो. येथील वर्षभराच्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज पावसाळ्याच्या महिन्यांतच मिळते. उन्हाळ्याच्या एखाद्या शांत दुपारी हीच पाती निश्चल उभी असतात. वाऱ्यातील सगळीच शक्ती माणसाला काढून घेता येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सगळी शक्ती काढून घेतली, तर चक्कीमागे हवा जागच्या जागी थांबेल आणि नव्या वाऱ्याला पुढे जायला वाटच उरणार नाही. म्हणून शंभरातील ५९ भागांहून थोडी अधिक शक्ती घेता येते, त्यापुढे नाही. हा हिशेब आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी मांडला.

येथवर यंत्राची कथा झाली. परंतु यंत्र पठारावर एकटे उभे राहत नाही. तेथे गावे असतात, गुरे असतात, पाखरे असतात. नवे यंत्र आले, की या सर्वांच्या जीवनात काही ना काही बदल घडतो. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या परिसरातही तसेच झाले, आणि त्याविषयी सर्वांचे मत एक नव्हते.

दुरून येणाऱ्या प्रवाशाला ही चक्क्यांची रांग मोहक वाटते. धुक्यातून हळूच वर येणारी पांढरी पाती पाहून तो हरखतो आणि छायाचित्रे घेतो. गावातील काही लोकांनाही लाभ झाला. अवजड यंत्रे वर नेण्यासाठी रस्ते करावे लागले आणि त्या रस्त्यांनी वाड्यावस्त्यांकडे जाणे सोपे झाले. काही तरुणांना राखणदारीचे व देखभालीचे काम मिळाले. ज्यांनी जमिनी विकल्या, त्यांच्या हाती पैसा आला.

दुसरी बाजूही होती. पठारावरील जमीन कागदावर पडीक दिसते. पण ती खरोखर निरुपयोगी असते काय? तिच्यावर गावाची गुरे चरतात. तेथील गवत कापून शेतकरी उन्हाळ्याची बेगमी करतो. पावसाचे पाणी त्या खडकांत मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. अशी जमीन कवडीमोलाने विकली गेली आणि पुढे तिचे मोल कळले, तेव्हा हळहळण्याखेरीज हाती काही उरत नाही. पुष्कळशा चक्क्यांचे मालक दूरच्या शहरांतील कंपन्या होत्या. डोक्यावरून विजेच्या तारा जातात, पण त्या विजेचे उत्पन्न गावात येत नाही, हे पाहून कोणालाही खंत वाटेल. चक्कीच्या अगदी जवळ राहणाऱ्यांना पात्यांचा संथ घुमारा रात्रंदिवस ऐकावा लागतो. सूर्य कलला म्हणजे फिरत्या पात्यांच्या सावल्या अंगणातून सारख्या धावत राहतात. शहरातून आलेला प्रवासी तासाभराने परत जातो. घुमारा आणि सावल्या मात्र तेथील रहिवाशांच्या वाट्याला येतात.

याच काळात एक विलक्षण समज सातारा, सांगली आणि धुळे जिल्ह्यांतील काही गावांत पसरला. पवनचक्क्यांची पाती ढगांना पळवून लावतात आणि त्यामुळे पाऊस पडत नाही, असे लोक म्हणू लागले. २००३ च्या सुमारास माण, खटाव आणि त्यांच्या आसपासच्या भागात भीषण दुष्काळ होता. विहिरी आटल्या होत्या आणि जनावरे छावण्यांत न्यावी लागली होती. पश्चिमेकडे पाहिले, तर डोंगरावर नव्या चक्क्या फिरताना दिसत. पाऊस नाही आणि चक्क्या आहेत, या दोन गोष्टी लोकांनी एकमेकींशी जोडल्या.

हा समज खरा आहे काय? आपण विचार करून पाहू. चक्कीच्या पात्याचे टोक जमिनीपासून शंभर-सव्वाशे मीटर उंच जाते. पाऊस देणारे ढग त्याहून कितीतरी वर, काही किलोमीटर उंचीपर्यंत, थरांवर थर रचून उभे असतात. पावसाळ्यात ढग पठारावर टेकतात आणि चक्क्या धुक्यात बुडून जातात, हे खरे. पण त्याच धुक्यातून तेथे धो धो पाऊसही कोसळत असतो. पाती फिरल्याने जमिनीलगतची हवा ढवळली जाते आणि रात्रीचे तापमान किंचित बदलते, एवढे शास्त्रज्ञांना आढळले आहे. समुद्रावरून शेकडो किलोमीटर रुंदीने येणारा मोसमी प्रवाह अडविणे त्यांच्या शक्तीबाहेरचे आहे.

मग माण तालुक्यात पाऊस कमी का? त्याचे कारण सह्याद्रीच आहे. वारे डोंगर चढताना थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचा पाऊस पश्चिमेकडेच पडून जातो. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. १९७२ मध्ये महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा या डोंगरांवर वीज देणारी एकही पवनचक्की नव्हती. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. आपल्या मराठीत म्हणच आहे, ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.’

परंतु त्या लोकांना अडाणी म्हणून हसणे योग्य होणार नाही. ज्याचे सारे वर्ष चार पावसांवर अवलंबून असते, तो आकाशाकडे डोळे लावून बसतो. आपल्या डोंगरावर कोणी तरी अनोळखी माणसे येतात, प्रचंड यंत्रे उभारतात, आणि ही यंत्रे काय करतात हे गावात येऊन कोणी नीट समजावून सांगत नाही. अशा वेळी शंका उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. त्यांच्या म्हणण्यातील कारण चुकीचे होते. पण ‘आम्हाला कोणी विचारले नाही’ ही त्यामागची व्यथा खोटी नव्हती.

माणसे निदान आपली तक्रार बोलून दाखवू शकतात. पाखरांना आणि सरड्यांना ते कसे जमणार? त्यांच्यावर काय परिणाम होतो, हे निरीक्षण करूनच समजून घ्यावे लागते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठारावर असे निरीक्षण केले आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पठाराच्या काही भागांत चक्क्या होत्या, काही भागांत नव्हत्या. दोन्ही भागांची त्यांनी तुलना केली. चक्क्यांच्या भागात ससाणे, घारी यांसारखे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. या पक्ष्यांचे एक भक्ष्य म्हणजे सरडा. शिकारी कमी झाले, तेव्हा सरड्यांची संख्या वाढली. इतकेच नव्हे, तर त्यांची भीतीही कमी झाली. माणूस बराच जवळ गेला, तरी ते पळून जाईनात. मात्र संख्या वाढल्यामुळे अन्नासाठी स्पर्धा वाढली, आणि नरांच्या गळ्यावरील रंगही फिके पडलेले दिसले.

हा सरडा मोठा देखणा प्राणी आहे. नराच्या गळ्याखाली कातडीचा एक पंखा असतो. मादीला आकर्षित करताना किंवा दुसऱ्या नराला धमकावताना तो हा पंखा उघडतो, आणि निळा, काळा व नारिंगी असे रंग उन्हात झळकतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्याला स्वतंत्र जाती म्हणून ओळख दिली आणि त्याच्या प्रजातीसाठी आपल्या मराठीतील ‘सरडा’ हाच शब्द शास्त्रीय नावात घेतला. अशा रीतीने आपला एक साधा शब्द जगाच्या ग्रंथांत जाऊन बसला आहे.

एवढे संथ दिसणारे पाते पाखरांना इजा कशी करते, असे कोणी विचारील. येथे आपले डोळे आपल्याला फसवितात. ४० मीटर लांबीचे पाते मिनिटाला १८ फेऱ्या घेत आहे, असे समजा. एका फेरीत त्याचे टोक सुमारे २५० मीटर अंतर कापते. म्हणजे मिनिटाला साडेचार किलोमीटर, आणि तासाला सुमारे २७० किलोमीटर! आगगाडीहूनही वेगवान असे हे टोक जवळ येताना पाखराला नीट दिसत नाही. यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. नॉर्वे देशातील स्मूला बेटावर काही चक्क्यांच्या तीन पात्यांपैकी एक पाते काळे रंगविण्यात आले. त्यामुळे फिरणारी पाती पाखरांना ओळखू येऊ लागली. त्या चक्क्यांशी होणारे पाखरांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. प्रयोग थोड्याच चक्क्यांवर झाला होता, म्हणून तो इतरत्रही करून पाहणे आवश्यक आहे. परंतु एवढ्या साध्या उपायाने इतका फरक पडू शकतो, ही आशा वाढविणारी गोष्ट आहे.

लोकांचे म्हणणे ऐकून घेतले, तर काय घडते, याचेही एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या किनाऱ्याजवळ मिडेलग्रुंडेन नावाचा उथळ समुद्राचा भाग आहे. तेथे पवनचक्क्या उभारण्याचे ठरले, तेव्हा पहिल्या आराखड्यात २७ चक्क्या तीन रांगांत दाखविल्या होत्या. नागरिकांपुढे हा आराखडा मांडण्यात आला. शहराच्या दर्शनी भागात यंत्रांची अशी गर्दी होणे पुष्कळांना रुचले नाही. तेव्हा आराखडा बदलण्यात आला. चक्क्यांची संख्या २० करण्यात आली आणि त्या एकाच डौलदार वळणावर, धनुष्याच्या कमानीप्रमाणे, मांडण्यात आल्या. २००० मध्ये हे काम पूर्ण झाले. त्यातील निम्म्या चक्क्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या झाल्या, आणि तिचे सभासद होते आठ हजारांहून अधिक सामान्य नागरिक. खिडकीतून दिसणारी चक्की ज्याच्या स्वतःच्या मालकीची आहे, तो तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. सहकारी साखर कारखाने आणि दूधसंघ यांचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

भूप्रदेशाच्या सौंदर्याविषयीची माणसाची आवडही काळाबरोबर पालटते. हॉलंडमधील जुन्या चक्क्या पाणी उपसण्यासाठी आणि धान्य दळण्यासाठी उभारल्या होत्या; शोभेसाठी नव्हे. आज त्याच चक्क्या पाहण्यासाठी दूरदूरचे लोक जातात. किंडरडाइक येथील बहुतांशी अठराव्या शतकातील १९ चक्क्यांना १९९७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. यावरून आजच्या सर्वच चक्क्या उद्या सुंदर ठरतील, असे मात्र समजू नये. जुन्या चक्क्या आकाराने लहान होत्या आणि त्या ज्यांच्या शेतात उभ्या होत्या, त्यांच्याच उपयोगी पडत होत्या.

मग पवनचक्क्या हव्यात की नकोत? या प्रश्नाचा विचार करताना विजेच्या इतर साधनांकडेही पाहिले पाहिजे. वनकुसवड्याच्या पठाराच्या पश्चिमेस खोल दरीत कोयनेचा शिवसागर जलाशय पसरला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या या धरणाच्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालविले आणि घरे उजळली. परंतु त्या पाण्याखाली अनेक गावांची घरे, शेते आणि देवळे गेली. हजारो कुटुंबांना आपली जन्मभूमी सोडावी लागली. विदर्भात दगडी कोळसा जाळून वीज निर्माण करतात. त्यासाठी खाणी खणाव्या लागतात आणि धूर व राख हवेत मिसळते. कोळशाच्या धुराने पृथ्वीचे तापमान वाढत आहे, आणि त्याचे चटके कोरडवाहू शेतकऱ्याला सर्वांत आधी बसतात. पवनचक्की धूर सोडत नाही, पाणी मागत नाही, आणि तिच्या बुडाशी गुरे चरू शकतात. हा तिचा मोठा गुण आहे. म्हणून तिचे दोष झाकावेत असे नाही, आणि दोष आहेत म्हणून तिचा गुण नाकारावा असेही नाही.

ज्या घरात रात्री दिवा लागतो, त्या प्रत्येक घराचा या प्रश्नाशी संबंध आहे. आपण कळ दाबतो आणि खोली उजळते. पण तो उजेड कोठून तरी आलेला असतो. कोठल्या तरी नदीचे, खाणीचे किंवा पठाराचे त्यासाठी काही तरी गेलेले असते. चक्की उभारण्यापूर्वी जागा विचारपूर्वक निवडली, पाखरांच्या वाटा आणि दुर्मीळ प्राण्यांची वसतिस्थाने टाळली, गावकऱ्यांना सर्व गोष्टी समजावून सांगून त्यांची संमती घेतली आणि उत्पन्नातील न्याय्य वाटा त्यांना दिला, तर पुष्कळसे तंटे उद्भवणारच नाहीत. हे काम केवळ अभियंत्यांचे नाही. त्यात प्राणिशास्त्रज्ञ हवेत, ग्रामपंचायत हवी, आणि पठारावर गुरे चारणारा गुराखीही हवा. कारण कोणत्या ऋतूत कोणती पाखरे कोठून येतात, हे त्याला ठाऊक असते.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे अभियंते होतील, काही शेतकरी होतील, काही गावाचा कारभार पाहतील. असे प्रश्न तुमच्यापुढे येतील, तेव्हा कोणाची बाजू घ्यावी हे ठरविण्याआधी तेथे जाऊन पाहा, मोजा, विचारा आणि ऐकून घ्या. वारा कोणा एकाचा नसतो. त्याच्यापासून मिळणारे सुखही कोणा एकाचे असू नये.

स्वाध्याय

१. पॉल ला कूर यांनी खेड्यात वीज आणण्यासाठी कोणते प्रयत्न केले? वारा नसताना दिवे चालू ठेवण्यासाठी त्यांनी कोणती युक्ती योजिली?

२. पवनचक्क्या डोंगरमाथ्यावर का उभारतात, ते वाऱ्याच्या वेगाचा नियम सांगून स्पष्ट करा.

३. ‘पवनचक्क्यांमुळे पाऊस पडत नाही’ हा समज चुकीचा का आहे? तरीही तो बाळगणाऱ्या लोकांना हसू नये, असे लेखकाने का म्हटले आहे?

४. चाळकेवाडीच्या पठारावर शिकारी पक्षी कमी झाल्यामुळे सरड्यांच्या जीवनात कोणकोणते बदल झाले?

५. ३५ मीटर लांबीचे पाते मिनिटाला २० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या टोकाचा ताशी वेग किती, ते गणित करून काढा.

६. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ या म्हणीचा अर्थ सांगून तिला साजेसा एक प्रसंग आपल्या शब्दांत लिहा.

७. तुमच्या गावाजवळच्या टेकडीवर पवनचक्क्या उभारण्याचे ठरले आहे, अशी कल्पना करा. ग्रामसभेत तुम्ही कोणते प्रश्न विचाराल? दहा ओळींत लिहा.